वर्गात आणखी कितीजण

शाळा कशी निवडायची हे आपल्याला कळतं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मेरीलँडमधल्या कोलंबियाला आम्ही राहायला आलो, तेव्हा घर बघायच्या आधी नवऱ्याने शाळांची यादी काढली होती. इथे घरविक्रीच्या संकेतस्थळांवर प्रत्येक घराच्या फोटोखाली त्या पत्त्याला लागू होणाऱ्या शाळा दिलेल्या असतात: प्राथमिक, मिडल, हायस्कूल. प्रत्येकीपुढे दहापैकी गुण. आठच्या खाली जायचं नाही, एवढं आम्ही ठरवलं आणि एका रविवारी दुपारी चहा निवायच्या आत यादी तीन घरांवर आली. साताऱ्यात माझ्या आईवडिलांनी मराठी माध्यम की इंग्रजी यावर अख्खा उन्हाळा वाद घातला होता. त्या मानाने आमचं फारच सोपं झालं.

आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून एक कृष्णवर्णीय कुटुंब राहतं. ती इस्पितळात फार्मसिस्ट आहे, नवरा सरकारी नोकरीत, दोन मुलगे. माझी मुलगी तिला मावशी म्हणते. तिची मुलं मला नावाआधी ‘मिस’ लावून हाक मारतात. मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारलेली तिच्या घरात खपत नाही. तिच्या थोरल्याचं पाचवीचं वर्ष संपत आलं होतं आणि सहावीपासून इथे मिडल स्कूल सुरू होतं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ती वही घेऊन माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली.

तिच्यापुढे तीन रस्ते होते. आहे तिथेच राहून जवळच्या मिडल स्कूलमध्ये मुलाला घालायचं. तिथे सगळ्या रंगांची, सगळ्या ऐपतीची मुलं, आणि गुण आता मधलेच. दुसरा रस्ता, हॉवर्ड काउंटीच्या, म्हणजे आमच्याच जिल्ह्याच्या, पश्चिम भागात घर घ्यायचं. तिथल्या शाळांना नऊ आणि दहा. तिसरा, तिच्या आईच्या जवळ, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत परत जायचं. देशातल्या सुखवस्तू कृष्णवर्णीय वस्तीच्या काउंट्यांमध्ये तिचं नाव पहिल्या काहींत घेतलं जातं. डॉक्टर, वकील, सरकारी अधिकारी, सगळे आपल्यासारखेच दिसणारे शेजारी. परीक्षांचे आकडे मात्र खाली.

मी फार विचार केला नाही. म्हटलं, ‘पश्चिमेला जा. परवडतंय ना? मग प्रश्नच कुठे येतो?’

ती म्हणाली, ‘आकडे मलाही पाठ आहेत. पण वर्गात आणखी कितीजण असतील?’

‘पंचवीसेक असतील,’ मी म्हणाले.

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला काय विचारायचं होतं ते माझ्या लक्षात यायला काही क्षण गेले. ते क्षण मी विसरलेले नाही.

*

मार्चमध्ये एका शाळेने पालकांना बघायला बोलावलं होतं. तिचा नवरा गावाला गेला होता, म्हणून मी सोबत गेले. शाळेचं नाव मी सांगत नाही, त्याने काही फरक पडत नाही. स्वच्छ, उजेडाची इमारत. वाचनालय बघून मी हरखले. मुख्याध्यापकबाई पडद्यावर निकालांचे आलेख दाखवत होत्या आणि मी ते मन लावून बघत होते. शेजारीण दुसरंच काहीतरी बघत होती.

कार्यालयाबाहेर एक बाक होता. शिक्षा झालेली किंवा वर्गाबाहेर काढलेली मुलं तिथे बसवतात. बाकावर तीन मुलगे होते. तिन्ही कृष्णवर्णीय. मग आम्ही वर्ग बघत गेलो. सातवीच्या जीटी गणिताच्या वर्गाला, म्हणजे हुशार म्हणून निवडलेल्या मुलांच्या वर्गाला, दारात काचेची खिडकी होती. ती तिथे थांबली. काचेतून मला मुलं दिसली, फळा दिसला, मुलं गटात बसली होती ते आवडलं. ती ओठांच्या आत मोजत होती. मोजून झाल्यावर काही न बोलता पुढे गेली. जेवणाच्या खोलीत कोण कुणाबरोबर बसलंय ते तिने बघितलं. भिंतींवरची चित्रं बघितली: फेब्रुवारी संपल्यावरही कुणा कृष्णवर्णीय माणसाचं चित्र उरलंय का. फेब्रुवारी हा इथे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, त्यामुळे त्या महिन्यात सगळ्याच शाळांच्या भिंती भरतात. शिक्षकांशी बोलताना तिने एकच प्रश्न तिघांना वेगवेगळ्या शब्दांत विचारला. मूल अडलं तर तुम्ही काय करता? उत्तरात कुणी आधी वागणुकीबद्दल बोलतं की अभ्यासाबद्दल, हे तिला ऐकायचं होतं.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, ‘शाळा मिश्र आहे. वर्ग नाहीत.’

इमारतीत सगळे असतात, पण वरच्या गणिताला एक रंग आणि खालच्याला दुसरा. एकाच छताखाली दोन शाळा. दहापैकी गुणांचा जो आकडा मी बघितला होता, तो त्या दोन्हींचा मिळून होता. तिचा मुलगा त्यातल्या कुठल्या शाळेत जाईल हे त्यातून कळणार नव्हतं.

बाकावरच्या तीन मुलांबद्दल ती त्या दिवशी काहीच बोलली नाही. मी घरी येऊन वाचत बसले. २०१७-१८ या वर्षीच्या केंद्रीय आकडेवारीत सरकारी शाळांतली सुमारे १५ टक्के मुलं कृष्णवर्णीय होती, आणि शिक्षा म्हणून काही दिवस घरी पाठवलेल्या मुलांत ती सुमारे ३८ टक्के. मला वाटलं होतं की हे किशोरवयातलं असेल. पण बालवाडीत ती १८ टक्के होती आणि घरी पाठवलेल्यांत ४३ टक्के. बालवाडीत म्हणजे चार वर्षांची मुलं. त्या रात्री मी माझ्या झोपलेल्या मुलीकडे बघत बराच वेळ उभी होते. बालवाडीत असताना तिने एका मुलाला चावा घेतला होता. बाईंनी हसून मला सांगितलं होतं, दात शिवशिवत असतील.

*

तिची आई दर महिन्याला दोन दिवस राहायला येते. मी त्यांना आजीच म्हणते, त्यांनाही ते आवडतं. पंच्याहत्तरी ओलांडलेली, ताठ बसणारी बाई. तीसेक वर्षं शिक्षिका होत्या. शाळेचा विषय निघाला की त्या आधी ऐकून घेतात आणि मग सावकाश बोलायला लागतात.

आजी मेरीलँडमधल्याच एका लहान गावात, फक्त कृष्णवर्णीय मुलांच्या शाळेत शिकल्या. बस दोन गोऱ्या शाळांवरून पुढे जायची. पुस्तकं त्या शाळांनी वापरून झालेली. पहिल्या पानावर आधीच्या मुलांची नावं असायची, त्यांच्याखाली आपलं नाव लिहायला जागा उरलेली नसायची, म्हणून आजी मागच्या पुठ्ठ्यावर लिहीत. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट. हे सगळं सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा असतो. पण बाईंचा विषय आला की आवाज बदलतो. गणिताच्या बाई त्याच रस्त्यावर राहायच्या. रविवारी चर्चमध्ये आजींच्या आईच्या पुढच्या बाकावर बसायच्या आणि मागे वळून सांगायच्या, हिचे अपूर्णांक कच्चे आहेत. ‘मी कॉलेजला जाणार की नाही हे मला ठरवायला मिळालंच नाही,’ आजी म्हणाल्या. ‘ते बाईंनी केव्हाच ठरवून टाकलं होतं.’

साठच्या दशकाच्या मध्यावर ती शाळा बंद झाली आणि मुलांना गोऱ्यांच्या हायस्कुलात पाठवलं. आजींनी सूक्ष्मदर्शक पहिल्यांदा तिथे पाहिला. पण त्यांच्या जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना नव्या शाळेत बसच्या रांगांवर देखरेख करायचं काम मिळालं, आणि गणिताच्या बाईंना कुठेच काम मिळालं नाही. पुढच्या दोन वर्षांत आजींनी वर्गात हात वर केला की शिक्षकांची नजर त्यांच्यावरून सरकून पुढच्या बाकावर जाई. ‘सूक्ष्मदर्शक मिळाला,’ आजी म्हणतात, ‘आणि बाई गेल्या.’

हे एकट्या आजींचं नाही. १७ मे १९५४ ला सर्वोच्च न्यायालयाने ब्राउन खटल्यात निकाल दिला, की वंशानुसार वेगळ्या सरकारी शाळा घटनेत बसत नाहीत. मी तो निकाल कायम विजयाची गोष्ट म्हणून वाचला होता, आणि तो विजय होताच. पण शाळा एकत्र करताना दक्षिणेतल्या गावोगावी बंद पडल्या त्या कृष्णवर्णीयांच्या शाळा, आणि घरी बसवले गेले ते कृष्णवर्णीय शिक्षक आणि मुख्याध्यापक. निकालानंतरच्या दहाबारा वर्षांत अशा ३८ हजारांच्या आसपास लोकांच्या नोकऱ्या गेल्या असा अंदाज केला जातो. आज देशातल्या सरकारी शाळांत १०० शिक्षकांमागे जेमतेम सहा-सात कृष्णवर्णीय आहेत, आणि कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक तर दोनसुद्धा नाहीत. म्हणजे शेजारणीचा मुलगा बारावी पास होईपर्यंत त्याला आपल्या बाबासारखा दिसणारा एकही शिक्षक न मिळण्याची शक्यता बरीच मोठी.

याला महत्त्व काय, असं मी पूर्वी विचारलं असतं. गणित शिकवणाऱ्याचा रंग कशाला बघायचा? टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या मुलांचा बरीच वर्षं माग ठेवून अर्थशास्त्रज्ञांनी एक अभ्यास केला. तिसरीपर्यंत एक तरी कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेली कृष्णवर्णीय मुलं हायस्कूल पूर्ण करण्याचं प्रमाण १३ टक्क्यांनी अधिक निघालं आणि कॉलेजात नाव घालण्याचं १९ टक्क्यांनी. सगळ्या वर्षांत मिळून एक शिक्षक. त्याच संशोधकांपैकी काहींनी हेही पाहिलं, की एकाच विद्यार्थ्याबद्दल दोन शिक्षकांना विचारलं, हा किती शिकेल, तर कृष्णवर्णीय शिक्षकाची त्याच कृष्णवर्णीय मुलाकडून अपेक्षा मोठी असते. आजींना हा अभ्यास सांगितला तेव्हा त्या फक्त म्हणाल्या, ‘अपूर्णांक.’

आमच्या गावातही तसली एक इमारत आहे. आमच्या किराणा दुकानाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. हॉवर्ड काउंटीतल्या कृष्णवर्णीय मुलांसाठी १९४९ मध्ये गुलामांना पळून सुटायला मदत करणाऱ्या हॅरिएट टबमन यांच्या नावाने शाळा सुरू झाली आणि १९६५ मध्ये बंद झाली. ब्राउन निकालानंतर पूर्ण अकरा वर्षं ती तशीच वेगळी चालू होती. पुढे शाळाखात्याने ती इमारत दुरुस्तीच्या कामांसाठी वापरली, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी पाठपुरावा सोडला नाही म्हणून २०२२ मध्ये तिथे सांस्कृतिक केंद्र झालं. आजींना घेऊन आम्ही गेलो. त्या इथे शिकलेल्या नव्हत्या, तरी एका खोलीच्या दारात थांबून त्यांनी चौकटीवर हात ठेवला. आमच्या मागे मुलं पळत होती. मी त्या रस्त्याने सहा वर्षं कोथिंबीर आणि कढीपत्ता आणायला जात होते.

*

या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध उभ्या का राहाव्यात? चांगला अभ्यास एका पारड्यात आणि आपल्यासारख्या मुलांची सोबत दुसऱ्या पारड्यात, असं का? हे कुणी मुद्दाम असं मांडलं, असं वाचत गेलं की कळतं. कुणी कुठे राहायचं ते आधी ठरवलं गेलं. आमच्या शेजारचं बाल्टिमोर हे देशातलं पहिलं शहर, जिथे १९१० मध्ये कुठल्या गल्लीत गोऱ्यांनी राहायचं आणि कुठल्या गल्लीत कृष्णवर्णीयांनी, याचा कायदा झाला. तो कायदा काही वर्षांत न्यायालयात पडला, पण घरकर्ज देणाऱ्यांच्या नकाशांनी तेच काम पुढे चालू ठेवलं. वस्ती ठरली की शाळा ठरते. देशात बहुतेक ठिकाणी शाळेच्या पैशाचा मोठा भाग त्या भागातल्या घरपट्टीतून येतो, म्हणजे पैसाही ठरतो. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की शहरातल्या शाळा मिसळायच्या म्हणून बाहेरच्या उपनगरांना त्यात सक्तीने ओढता येणार नाही. ज्यांना निघून जायचं होतं त्यांच्यासाठी दार उघडं राहिलं. दहापैकी गुण हे बऱ्याच अंशी आईवडिलांच्या मिळकतीचेच गुण असतात, आणि मिळकतीमागे हा सगळा इतिहास आहे.

कृष्णवर्णीय शाळा म्हणजे कमी शाळा, असं मानायचं तर वॉशिंग्टनचं डनबार हायस्कूल आठवावं. १८७० मध्ये सुरू झालेली कृष्णवर्णीयांसाठीची देशातली ती पहिली सरकारी हायस्कूल. गोऱ्यांची विद्यापीठं कृष्णवर्णीय विद्वानांना नोकरी देत नसत, म्हणून तिथे शाळेत मुलांना डॉक्टरेट मिळवलेले लोक शिकवत. इतिहासकार कार्टर वुडसन यांनी तिथे शिकवलं. रक्त साठवून ठेवण्याच्या शास्त्राचा पाया घालणारे चार्ल्स ड्रू तिथेच शिकले. आणि बाल्टिमोरच्या अशाच वेगळ्या शाळेतून निघालेल्या थर्गुड मार्शल यांना आपल्याच राज्याच्या विद्यापीठात कायदा शिकायची सोय नव्हती. त्यांनी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकला, परत येऊन १९३५ मध्ये आपल्या राज्याच्या विद्यापीठाविरुद्ध दुसऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याचा खटला लढवला आणि जिंकला. ब्राउन खटलाही तेच लढले. भारतातून आईबाबा येतात तेव्हा आम्ही त्यांना ज्या विमानतळावर घ्यायला जातो त्याला आज मार्शल यांचंच नाव आहे.

ब्राउन खटल्यातल्या, कॅन्सस राज्यातल्या टोपेकाच्या पालकांबद्दल एक गोष्ट मला फार उशिरा कळली. लिंडा ब्राउनला घरापासून सात चौक दूर असलेली शाळा सोडून, रेल्वेचं यार्ड ओलांडून, बस धरून मन्रो शाळेत जावं लागे. पण मन्रोमधल्या शिक्षकांबद्दल पालकांची तक्रार नव्हती. तिथले शिक्षक चांगले होते. खटला होता तो दार बंद ठेवण्याबद्दल. दार उघडलं, आणि आतले चांगले शिक्षक बाहेर राहिले.

१९३५ मध्ये, म्हणजे ब्राउनच्या एकोणीस वर्षं आधी, विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला होता: आपल्या मुलांना वेगळ्या शाळा हव्यात का? त्यांचं उत्तर असं, की वेगळी शाळाही नको आणि मिश्र शाळाही नको, हवं आहे ते शिक्षण. जिथे मुलाचा द्वेष होतो अशी मिश्र शाळा त्यांना नको होती, आणि शिक्षकांना विद्या नाही, हाताशी साधनं नाहीत अशी वेगळी शाळाही नको होती. बाकी सगळं सारखं असेल तर मिश्र शाळाच मोठी, असंही त्यांनी म्हटलं. ‘बाकी सगळं सारखं असेल तर’ या चार-पाच शब्दांवर शेजारणीची अख्खी वही उभी होती.

*

साताऱ्यात मी ज्या रस्त्याने क्लासला जायचे त्यावर प्रतापसिंह हायस्कूल लागतं. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव तिथे घातलं गेलं. महाराष्ट्रात तो दिवस आता विद्यार्थी दिन म्हणून पाळतात. त्या दिवसांत त्यांना वर्गात वेगळं बसावं लागे, बसायला घरून आणलेल्या गोणपाटावर. शाळा चांगली, गावातली पहिली म्हणावी अशी, आणि त्या चांगल्या शाळेत एका मुलासाठी एक गोणपाट. आम्हाला शाळेत हे शिकवलं होतं, भाषणंही केली होती. आमच्या घरातून कुणाला कधी गोणपाट न्यावं लागलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्यासाठी एका महापुरुषाच्या चरित्रातलं पान होतं. काचेच्या खिडकीतून शेजारीण मोजत होती तेव्हा ते पान मला आठवलं नाही. आठवायला हवं होतं.

जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि डू बॉइस यांनी उत्तर दिलं. आपल्याकडच्या ज्यांनी शाळेच्या दारापाशी अपमान सोसला, त्यांना या देशातली ही माणसं फार लवकर ओळखू आली. आम्ही विमानाने इथे पोहोचलो, भिंतीला भिंत लावून राहिलो, तरी ओळखायला इतका वेळ लागला.

हे लिहिताना मला आमच्या देसी मंडळींबद्दलही बोलायला हवं. घर घेताना आपण एकमेकांना सांगतो, ‘तिकडे नको, ती शाळा जरा मिक्स्ड आहे.’ त्यातल्या ‘मिक्स्ड’चा अर्थ बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतो. आपण मिसळलो की त्याला विविधता म्हणायचं, आणि कृष्णवर्णीय मुलं वाढली की मिक्स्ड. २०१९ मध्ये आमच्या काउंटीत शाळांच्या हद्दी नव्याने आखायचं निघालं. काही शाळा ओसंडून वाहत होत्या, आणि गरीब मुलं मोजक्याच शाळांत एकवटली होती. सभांना गर्दी लोटली. पाट्या घेऊन उभ्या राहिलेल्यांत आपले बरेच चेहरे होते. मुलांना लांब जावं लागेल, मैत्री तुटेल, ही काळजी खरी होती आणि ती मलाही होती. पण आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या काळजीच्या आडून जे आलं ते मला आजही परत वाचवत नाही. मी त्या वेळी गप्प बसले होते. कोलंबिया हे शहरच जेम्स राउस यांनी १९६७ मध्ये वेगवेगळ्या रंगांच्या आणि ऐपतींच्या लोकांनी शेजारी शेजारी राहावं म्हणून वसवलं. पत्रपेट्यासुद्धा घरोघरी न लावता एका जागी लावल्या, की पत्रं घ्यायला आलेले शेजारी एकमेकांना भेटावेत. त्या पेट्यांपाशीच माझी शेजारणीशी ओळख झाली.

*

एप्रिल-मे तिने फार विचारात घालवले. एकदा तर मुलाला घरीच शिकवायचा विचार केला. असा विचार करणारी ती एकटी नाही. जनगणना खात्याच्या पाहणीत २०२० च्या वसंतात कृष्णवर्णीय घरांपैकी ३.३ टक्के घरांत मुलं घरी शिकत होती, त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर १६.१ टक्के. साथीमुळे शाळा पडद्यावर आली आणि शिक्षक आपल्या मुलाशी कसे बोलतात ते पालकांना पहिल्यांदाच घरबसल्या ऐकू आलं, असं ती म्हणाली. मग तिने नोकरीचा हिशेब केला आणि तो विचार सोडला.

पश्चिमेकडचं एक घर तिला फार आवडलं होतं. मागे मोठं अंगण, ओक वृक्ष. तिच्या नवऱ्याला प्रश्न वेगळाच पडला. संध्याकाळी मुलगा हूड घालून त्या रस्त्याने धावायला गेला तर शेजारी काय समजतील? आणि त्या शाळेत तो एकटाच असला तर गुलामीचा धडा निघेल त्या दिवशी सगळ्या वर्गाच्या माना त्याच्याकडे वळतील. त्याच्या बाबाच्या वेळी वळल्या होत्या, आणि तो आज चव्वेचाळीस वर्षांचा आहे तरी सांगताना मान खाली घालतो.

आईकडे, प्रिन्स जॉर्जेसला जावं असं तिला मनातून वाटत होतं. तिथे मुलाला पुढे कोणीही गणित शिकवो, ‘तू हुशार आहेस हे आश्चर्य आहे’ असा चेहरा त्याला दिसणार नाही. आजींनीच नको म्हटलं. मला हे अनपेक्षित होतं. त्या म्हणाल्या, माझ्या शाळेत बाई होत्या आणि सूक्ष्मदर्शक नव्हता. मग सूक्ष्मदर्शक आला आणि बाई गेल्या. मला नातवासाठी एकच मिळवायचं नाही. शाळेत सूक्ष्मदर्शक असू दे, बाई मी होते.

आणि त्या झाल्या. मंगळवार आणि गुरुवारी आजी व्हिडिओवर अपूर्णांक घेतात. रविवारी चर्चनंतर मुलं जमतात. ही पद्धत जुनी आहे. १९३८ मध्ये फिलाडेल्फियात काही कृष्णवर्णीय आयांनी जॅक अँड जिल नावाची संस्था काढली ती याचसाठी, की आपल्या मुलांना आपल्यासारखी मुलं नियमित भेटावीत. हे ऐकल्यावर मी तिला आमच्या रविवारच्या मराठी शाळेबद्दल सांगितलं, बाराखडी, पोवाडे, शेवटी बटाटेवडे. ती म्हणाली, ‘मग तुला समजायला हवं.’ थोडं समजलं. पण आमची शाळा भाषा टिकवायला आहे. तिथून घरी येणाऱ्या माझ्या मुलीला रस्त्यात कुणी अडवेल अशी भीती मला कधी वाटली नाही.

शेवटी घर बदललं नाही. जवळचीच मिडल स्कूल. पण शाळा सुरू व्हायच्या आधी ती तीनदा शाळेत गेली. जीटी गणिताच्या यादीत मुलाचं नाव नव्हतं. गुण होते, शिफारस नव्हती. तिने गुणपत्रिका समोर ठेवल्या आणि यादी पुन्हा बघायला लावली. दोन आठवड्यांनी नाव आलं. घरी येऊन ती माझ्या ओट्याशी उभी राहिली आणि पाणी प्यायली, एका दमात, पूर्ण पेला. म्हणाली, ‘ज्या आईला औषधांच्या दुकानातून सुट्टी मिळत नाही तिच्या मुलाचं काय?’ मला काहीच बोलता आलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी शाळा सुरू झाली. आदल्या दिवशी मुलाचे केस नीट कापून घेतले होते, शर्टाला इस्त्री होती. दोन्ही घरांतली मुलं एकाच बसमध्ये चढली. माझी मुलगी मागे वळून हात हलवत होती, तो खिडकीतून सरळ समोर बघत होता. आम्ही दोघी बस वळेपर्यंत पेट्यांपाशी उभ्या होतो.

दुपारी साडेतीनला मी कामात होते. फोन वाजला. तिचा संदेश होता, एकच शब्द.

‘चार.’

मी लगेच विचारलं, ‘त्याला धरून?’

‘सोडून.’

‘म्हणजे पाच,’ मी लिहिलं.

‘पाच,’ तिने लिहिलं, आणि मग आईला कळवायला फोन लावला असावा, कारण भिंतीपलीकडून आजींचा आवाज मोठ्याने ऐकू यायला लागला.